स्मरणचित्राच्या पेपरामागे

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती स्मरणचित्राला. वस्तुचित्राला समोर बादली-तांब्या मांडलेला असतो, भूमितीला कंपासपेटी सोबतीला असते. स्मरणचित्राला मात्र कोरा कागद आणि ‘भाजीबाजार’ एवढा एक विषय. मग चित्रातल्या माणसांचे हात पाठीमागे जातात, खिशात जातात. पावलं गवतात बुडतात. ड्रॉइंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि असे लपवलेले हात वर्षानुवर्षं पाहिले. माणूस काढायला शिकवायचं कसं, हा प्रश्न मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टलाही चुकला नव्हता.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत पहिला ड्रॉइंगचा वर्ग भरला. कारागिरांचा हात सुधारावा हा तेव्हाचा मुख्य हेतू. शिकवण्याची पद्धत लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची. आधी छापील नमुन्यावरून मुक्तहस्त, मग भूमिती, छायाप्रकाश आणि पुढे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती. कोळशाने छटा भरायची, पावाच्या गराने उजेड काढायचा. या शिस्तीला मी नावं ठेवणार नाही. प्रमाण कळतं ते तिथेच. पण प्लॅस्टरचा हात काही धरत नाही, काही उचलत नाही.

कामात गुंतलेला हात त्याच शाळेतल्या दोघा ब्रिटिश शिक्षकांनी शोधला. लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये आले. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं त्यांचीच. १८७०च्या सुमारास सरकारी कामावर फिरून त्यांनी सोनार, विणकर, लाकूडकाम करणारे अशा कारागिरांची रेखाटनं केली. दुसरे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ ते १८८५ या काळात ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या बोटांत कमळ किती हलकं धरलंय, हे समोर बसून रेषेत उतरवणं ही कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठी शाळा होती. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

१८९० मध्ये कोल्हापूरचा एक तरुण या शाळेत दाखल झाला, महादेव विश्वनाथ धुरंधर. आधी विद्यार्थी, मग शिक्षक; १९३१ पर्यंत ते तिथेच होते. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मचरित्र ड्रॉइंगच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावं. शाळेचे प्रमुख सॉलोमन यांच्या काळात, १९१९च्या सुमारास, विवस्त्र मॉडेल बसवून रेखाटण्याचा वर्ग जे. जे.त मांड ठोकून बसला, तेव्हा धुरंधर पन्नाशी ओलांडलेले होते. त्याआधीच एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’साठी (१९१२) त्यांनी मुंबईच्या गल्लीबोळांतली माणसं काढली होती. १९१४ मध्ये किंकेड यांचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ आलं. म्हणजे आपल्या आजी श्रावणात सांगायच्या त्या वारांच्या कहाण्या, इंग्रजीत. चित्रं धुरंधरांची. नऊवारीचा कासोटा चालताना कसा ताणला जातो, घागर कमरेवर घेतली की दुसरा हात कुठे जातो, हे त्यांना पाठ होतं. आणि हे पाठांतर वर्गाबाहेरचं, घरातलं, रस्त्यावरचं.

त्यांची मोठी तैलचित्रं मानाची खरीच. पण मला पुस्तकांतले धुरंधर अधिक मोठे वाटतात. तिथे गोष्ट पुढे न्यायची जबाबदारी बोटांवर असते. त्यांची मुलगी अंबिका याच शाळेत शिकून चित्रकार झाली. पुढे १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकातलं कथाचित्र वाचक जपून ठेवू लागले, त्याच्या मागे ही सगळी मेहनत आहे.

माझ्या वर्गातली सातवीतली एक मुलगी वस्तुचित्रात पक्की, पण स्मरणचित्रात तिची सगळी माणसं खांबासारखी उभी. “बाई, मला हात येतच नाहीत,” म्हणायची. तिला कागद-पेन्सिल न घेता मंडईत उभं राहायला सांगितलं. फक्त मेथीवालीच्या हातांकडे बघ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने काढलेली बाई मांडीवर जुडी दाबून डाव्या हाताने सुटे पैसे मोजत होती. अंगठा जरा मोठा झाला होता, पण नाणं सरकवताना तो जसा आडवा पडतो तसाच पडला होता. हळूहळू तिची माणसं वाकू लागली, ओझं उचलू लागली. नंतर तिने चौथीच्या पुस्तकातल्या कवितांना स्वतःहून चित्रं काढून एक वही भरली.

म्हणून हल्ली दुकानात स्मरणचित्रांची तयार पुस्तकं दिसली की जीव तुटतो. फुगेवाला अमुक पानावर, नळावरची रांग तमुक पानावर. क्लासमध्ये तीच गिरवून घेतात आणि मुलाला ग्रेडही मिळते. १८५७ चा छापील नमुना निदान वेलबुट्टीचा होता; आता माणसंच छापील मिळतात. पालक विचारायला येतात तेव्हा मी सांगते, ते पुस्तक परत करा आणि पोराला रविवारी एसटी स्टँडवर घेऊन जा. गाडी लागली की सामान चढवणारा आणि खालून देणारा, दोघांचे हात त्याला नीट बघू द्या.