चौल-रेवदंडा : हिवाळ्यात जागे होणारे बंदर

मार्गशीर्ष लागला की मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबागच्या दिशेने धावू लागतात. बहुतेकांची सहल अलिबागच्या किनाऱ्यावर किंवा नागावला संपते. तिथून थोडे दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढाच त्यांचा पसारा. लिखित इतिहास मात्र जवळजवळ दोन हजार वर्षांचा.

रेवदंड्यात शिरणारा रस्ता थेट पोर्तुगीज तटातून आत जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, पडकी चर्चे आणि वरचे मजले ढासळलेला ‘सातखणी’ मनोरा. हे पाहून पाहुणा ‘पोर्तुगीजांचे गाव’ अशी नोंद करतो आणि परत फिरतो. पोर्तुगीजांचा येथील अंमल सुमारे सव्वादोनशे वर्षांचा. त्याआधीच्या दीड हजार वर्षांचे काय?

ते शोधायचे तर आधी ऋतू समजून घ्यावा लागतो. शिडाच्या जहाजांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर बारमाही नसे. ज्येष्ठ-आषाढात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू खुला होई आणि हिवाळ्यात बंदर गजबजे. पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे गलबताला खाडीबाहेर काढत, दुपारचे खारे वारे आत आणत. आजचा पर्यटक ज्या महिन्यांत चौलला येतो, त्याच महिन्यांत पूर्वी व्यापारी येत असत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बाजारपेठांच्या यादीत पहिले नाव येते ते ‘सेमिल्ला’. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांपैकी काहींनी आपले गाव ‘चेमुल’ असे कोरवून ठेवले आहे. पुढे अरबांनी त्याला ‘सैमूर’ केले, कारण अरबी लिपीत ‘च’ नाही. बंदर एकच, प्रत्येक पाहुण्याने ते आपल्या जिभेला जमेल तसे उच्चारले.

इ.स. ९१६च्या सुमारास बगदादचा अल्-मसूदी येथे आला. तेव्हा राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार येथे राज्य करीत होते आणि झंझ हा त्यांचा राजा होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहतात, त्यांत येथेच जन्मलेलेही आहेत आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला आहे, असे तो लिहितो. आकडा काटेकोर मानण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की हिंदू राजाच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची स्वतःची न्यायव्यवस्था चालत होती आणि ती राजाच्या संमतीने चालत होती.

शिलाहारांची व्यापारदृष्टी आणखी एका ताम्रपटातून दिसते. अनंतदेवाने इ.स. १०९४च्या सुमारास दोन श्रेष्ठी बंधूंच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चेमुल्य इत्यादी बंदरांवरील जकात माफ केली. सवलत मिळविणारे व्यापारी आणि ती देणारे सरकार हे नाते नऊशे वर्षांनंतरही फारसे अनोळखी वाटू नये!

१४६९च्या आसपास त्वेर या रशियन नगराचा व्यापारी अफनासी निकितिन हुर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. दख्खनमध्ये घोड्यांची पैदास चांगली होत नसे, म्हणून अरबी-इराणी घोड्याला येथे सोन्याचा भाव होता. निकितिनचा व्यापार मात्र फसला. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा परत मिळाला. या प्रवासवर्णनातील एक बारकावा सहसा निसटतो. निकितिन लिहितो की येथे ‘हिवाळा’ ऐन जून महिन्याच्या तोंडाशी सुरू झाला आणि चार महिने सर्वत्र पाणी व चिखल होता. बिचाऱ्याने आपल्या पावसाळ्यालाच हिवाळा म्हटले! घरात कोंडून घालणारा ऋतू म्हणजे हिवाळा, एवढेच रशियन माणसाला ठाऊक.

मग पोर्तुगीज आले. मार्च १५०८मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा मलिक अयाझ यांच्या संयुक्त आरमाराने त्यांना गाठले. विजरईचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज निसटण्याच्या प्रयत्नात मासेमारीच्या जाळ्यांसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. पोर्तुगीज तोफांची वर्णने ग्रंथोग्रंथी आढळतात. कोळ्यांच्या खुंटांना तेवढी जागा मिळालेली नाही. मुलाचा सूड बापाने पुढल्या वर्षी दीवच्या लढाईत उगवला.

रेवदंड्याचा कोट मात्र तलवारीने मिळविलेला नव्हे. १५२१मध्ये बुऱ्हाण निजामशहाने परवानगी दिली, कारण त्यालाही घोडे हवे होते. खाडीलगत पोर्तुगीजांचे खालचे चौल आणि आत राजकोटाभोवतीचे निजामशाहीचे वरचे चौल अशी दोन गावे शेजारी नांदू लागली.

ही शेजारभावना डिसेंबर १५७०मध्ये संपली. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलला आणि त्याच सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. खालच्या चौलला तेव्हा सलग तटही नव्हता. लढाई घरांतून आणि मठांतून झाली. तरीही जुलै १५७१पर्यंत गाव पडले नाही. फिरिश्ता हा इतिहासकार याचे खापर निजामशाही सरदारांवर फोडतो : पोर्तुगीजांनी पाठविलेल्या मद्याच्या मोबदल्यात ते रात्री रसद आत जाऊ देत. फिरिश्ता त्याच दरबारात वावरलेला, त्यामुळे ही कथा केवळ ऐकीव म्हणून झटकता येत नाही. परंतु खरे कारण अधिक सरळ असावे. समुद्राची बाजू खुली होती आणि निजामशहाकडे ती बंद करणारे आरमार नव्हते. हीच उणीव पुढल्या शतकात शिवाजी महाराजांनी ओळखली.

चौलची उतरती कळा वेढ्याने आली नाही. खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे मुंबईकडे वळली आणि त्यांच्यामागून चौलचे रेशीम विणकरही गेले. १७४०मध्ये मराठ्यांनी रेवदंडा व समोरचे कोर्लई ताब्यात घेतले तेव्हा बंदराचे वैभव केव्हाच ओसरले होते.

दिवसभराच्या भेटीत वरच्या चौलला निदान दोन तास द्यावेत. रामेश्वराचे मंदिर आणि त्याची कुंडे, हमामखान्याचे अवशेष, दत्ताचा डोंगर. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून तेथे यात्रा भरते. डोंगरावरून खाली पाहिले की माडांच्या वाड्यांखाली किती मोठे नगर गडप झाले आहे याचा अंदाज येतो. येथील लाकूड-मातीची घरे गेली, पोर्तुगीजांचा दगड उरला. म्हणून आपल्याला दगडवाल्यांचाच इतिहास दिसतो.

शेवटी साळावचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ल्यावर चढण्याआधी पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत थोडे थांबावे. येथे पोर्तुगीज आणि मराठीच्या संसर्गातून जन्मलेली एक बोली आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज. पण वाक्य मराठी वळणाचे, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती घराघरांत टिकून राहिली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत, आणि उंबऱ्याबाहेरचा त्यांचा बहुतेक व्यवहार मराठीत चालतो.