बेरीज नंतर करावी

आमच्या बी.कॉम.ला इतिहास हा विषय नव्हता; जमाखर्च होता. त्यामुळे कुठलाही इतिहास समोर आला की मी तो खतावणीसारखा वाचतो. डावीकडे काय, उजवीकडे काय आणि ताळा जमतो का? पानिपतचा ताळा मला अजून जमलेला नाही. पण आवाज टिपून ठेवण्याच्या विद्येचा इतिहास मात्र पैशापैशाने जमतो. तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : बेरीज आधी करायची की नंतर?

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ काढला आणि कथलाच्या पातळ पत्र्यावर स्वतःचा आवाज उमटवला. तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ध्वनिमुद्रण म्हणजे एक भला मोठा कर्णा. या कर्ण्याला आवाज लहानमोठा करायचे बटण नव्हते. मग माणसेच हलवायची! गाणारा वरच्या पट्टीत गेला की त्याने मागे सरायचे आणि दणदणीत वाद्य असेल तर त्याने पार भिंतीला जाऊन टेकायचे. थोडक्यात, आज मिक्सर जे काम करतो ते तेव्हा अंतर करीत असे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले. एका हॉटेलच्या खोलीत त्यांनी यंत्र मांडले आणि गौहर जान यांचे गाणे घेतले. सुमारे तीन मिनिटांत राग आटपायचा आणि शेवटी इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगायचे! कारण तबकड्या छापल्या जाणार जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कळावे, ही ठेव कोणाची. आम्ही चेकच्या पाठीवर सही घेतो, तसलाच प्रकार. पण गाणे आणि साथ, सगळे एकाच खोबणीत जमा. एकदा बेरीज झाली की मूळ रकमा परत मिळत नाहीत.

१९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. कर्णा गेला, माइक आला. चार माइकांचे आवाज कमीजास्त करून एकत्र करणे जमू लागले. तो आपला मिक्सर. बेरीज सुबक झाली खरी, पण बेरीज ती बेरीजच.

हे दुखणे बरोबर ओळखले अमेरिकेतल्या लेस पॉल नावाच्या गिटारवाल्याने, आणि तेही घरच्या गॅरेजमध्ये! तबकडी कापण्याचे यंत्र त्याने स्वतः जुळवले होते आणि त्याला कॅडिलॅक गाडीचे फ्लायव्हील बसवले होते. एक तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर आपण दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून नवी तबकडी कापायची. १९४८ साली त्याची ‘लव्हर’ ही तबकडी आली. तिच्यात गिटारी आठ आणि वाजवणारा एकटा! पण सातव्या थराला बोट घसरले की ती तबकडी पाण्यात, आणि आधीच्या थरांची बेरीज काही सुटी करता येत नाही. शेवटी १९५७ साली अँपेक्स कंपनीने त्याला आठ पट्ट्यांचे टेपयंत्र करून दिले. प्रत्येक आवाजाचे खाते वेगळे. एकाने घोळ घातला तर तेवढीच नोंद खोडायची, बाकीची पाने कोरी करकरीत. या दिवसाला बँक हॉलिडे का नाही, हे मला कळत नाही.

मग १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला : साध्या कॅसेटवर चार पट्ट्या आणि त्याच डब्यात मिक्सर. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन हा गायक न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, झोपायच्या खोलीत तो घेऊन बसला आणि बँडला ऐकवण्यापुरते नमुने करून ठेवले. ती कॅसेट वेष्टणाशिवाय खिशात घालून हिंडला. पुढे स्टुडिओत सगळा बँड बसवून तीच गाणी वाजवून पाहिली, पण खोलीतली गोष्ट येईना. शेवटी त्या खिशातल्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ ही तबकडी निघाली. आमच्याकडे ठेवीची पावती अशी खिशात चुरगळली तर इन्डेम्निटी बाँड लिहून घेतात!

एवढा इतिहास मी मुखोद्गत केला, याला कारण आमची आत्या. वय वर्षे चौऱ्याऐंशी. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, आणि त्या कागदावर कुठेही नाहीत. ज्या काही आहेत त्या तिच्या गळ्यात. मोबाइलवर घेतलेल्या ओव्यांत तीन शिट्ट्या कुकरच्या आहेत. त्यातच शेजारच्या काकांना पेटीची साथ करायची हौस. काकांची पेटी सुरू झाली की आत्या फक्त दिसते.

मग चिरंजीवांनी गणपती मंडळाचा मिक्सर उचलून आणला.

“मिक्सर आणलाय,” मी म्हणालो.

“आपला चांगला चाललाय की!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

घरच्या मिक्सरचेही तत्त्व तेच. वाटलेल्या चटणीतून खोबरे परत काढता येत नाही. मंडळाच्या मिक्सरमध्ये आठ माइक जातात आणि बाहेर पडतात दोनच रकमा : डावी आणि उजवी. हल्ली यूएसबीचे मिक्सर मिळतात, पण त्यातले बरेचसे कॉम्प्युटरला या दोनच रकमा पाठवतात. लॅपटॉपचे माइकचे भोक तर चिल्लर मोजणाऱ्या खिडकीसारखे. माइकच्या नाजूक आवाजाची त्याला सवय. मिक्सरचा दांडगा आवाज तिथे घातला की फाटतो. म्हणून मध्ये एक डबी लागते, ऑडिओ इंटरफेस. मिक्सरची डावी-उजवी तिच्या दोन लाइनच्या भोकांत जाते, आणि ती सेकंदाला ४४,१०० नोंदी करून लॅपटॉपकडे धाडते. आम्ही मार्च एंडलासुद्धा इतक्या करीत नाही.

आता दोनच खाती आहेत ना? मग दोनच खातेदार ठेवायचे! मिक्सरवर पॅन नावाचे बटण असते. आत्याच्या माइकचे पूर्ण डावीकडे फिरवले, पेटीचे पूर्ण उजवीकडे. लॅपटॉपवर दोन वेगळ्या पट्ट्या उमटल्या. पण आत्याच्या माइकला पेटी ऐकू येऊ नये म्हणून शेवटी गैसबर्गच्या काळातला उपाय करावा लागला : काकांना आतल्या खोलीत पाठवून दार लावले. कानाला हेडफोन, म्हणजे आत्या पुढे, साथ मागून. काकांनी हे कसेबसे मान्य केले.

आत्या वायरींच्या जंजाळाकडे बघत म्हणाली, “ओवी म्हणायला एवढं काही लागायचं नाही रे. जातं लागायचं आणि पहाट लागायची.”

पण गायली. चिरंजीवांनी तिला गौहर जानची गोष्ट सांगितली होती, म्हणून शेवटच्या ओवीनंतर जरा थांबून तिने स्वतःचे नाव सांगितले. आधी सासरचे. मग, साठ वर्षांत आम्ही कोणी तिच्या तोंडून ऐकले नव्हते ते माहेरचे.

काका रोज विचारतात, “पेटी मिसळली का?” मिसळू, उजव्या खात्यात ती सुखरूप आहे. डाव्या खात्यात आत्या एकटीच आहे, आणि सध्या घरात सगळे तेवढेच लावून ऐकतात.