भीमथडीचे तट्टू आणि कावेरीचे खोरे

अश्ववंश केवळ रक्ताने घडत नाही; भूमीही त्याला घडवते. भीमा-नीरेच्या अवर्षणप्रवण प्रदेशात स्थानिक तट्टांमध्ये अरबी रक्त मिसळले. तो प्रदेश पूर्णपणे अलिप्त नव्हता. परंतु तुटपुंजा चारा, खडकाळ वाटा व लांब मजला यांना जे जनावर टिकले, त्याचाच वंश वाढला. बुटके, काटक भीमथडी तट्टू हे त्याचे फलित होय.

१६७७ मध्ये शिवाजी महाराजांचे घोडदळ कोल्लिडमच्या तीरापर्यंत पोहोचले. त्याच खोऱ्यात पट्टीश्वरम् वसले आहे. मात्र या जलसंपन्न भातशेतीच्या मुलखात अश्वपैदाशीची परंपरा क्षीणच राहिली. तमिळ किनाऱ्यावर घोडे निपजत नाहीत, ते दरवर्षी समुद्रमार्गे आणले जातात, असे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने नोंदवले होते. याउलट तंजावरच्या सरस्वती महालात अश्वशास्त्राच्या पोथ्या जतन झाल्या. विद्येचे स्थलांतर आणि वंशाचे स्थलांतर यांतील हा भेद तौलनिक अभ्यासकाला उपेक्षिता येणार नाही.