पायाखालचे रान : नाशिकच्या वाड्यांतील सागवानी कडीपाटाची कथा

१/ नाशिकच्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन सहसा मातीची आणि शेणाने सारवलेली असे. तिच्याखालचे लाकूड पाहायचे तर जिना उतरून खालच्या खोलीत मान वर करावी लागे. वरच्यांची जमीन तीच खालच्यांचे छत! ही जमीन कोणत्या लाकडावर उभारायची, या घरगुती निवडीमागे जंगल, आरमार आणि राज्यसत्ता यांचा मोठा इतिहास दडलेला आहे. #इतिहास #नाशिक

२/ या रचनेचे नाव कडीपाट. तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्यांचा पाट. त्यावर मातीचा थर चोपून जमीन तयार होई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. वाड्याचा विस्तारही खणांतच सांगितला जाई. लाकडाची लांबी आणि ताकद जेवढी, तेवढाच खण मोठा. घराचे माप अशा रीतीने झाडच ठरवीत असे.

३/ मातीचा एवढा भार पेलण्यास पहिली पसंती सागाला असे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी सहजासहजी लागत नाही. ऋतुमानानुसार तो फारसा आकसत वा फुगत नाही, म्हणून फळ्या वाकत नाहीत. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात मात्र हे गुण नसतात. जाणता सुतार म्हणूनच गाभा पाहून लाकूड निवडतो.

४/ सागाच्या टिकाऊपणाची एक फार जुनी साक्ष कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तेथील दगडी कमानीखालच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. नाशिकची पांडवलेणीही त्याच परंपरेतली. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर शिल्पकारांनी लाकडी बांधकामाचेच आकार दगडात कोरले.

५/ नाशिक आणि सागवान यांचे सान्निध्य भौगोलिक आहे. शहराच्या पश्चिमेस व वायव्येस पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडे डांग हा सागाच्या रानांचा पट्टा. पेशवाईत या तीर्थक्षेत्राला राजकीय महत्त्व आले आणि वाडे उभे राहिले. सराफ बाजारानजीकचा सरकारवाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल यांतील लाकूडकाम त्या वैभवाची कल्पना देते.

६/ परंतु सागावर केवळ घरमालकाचा डोळा नव्हता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा स्वतंत्र विचार आहे. साग परवानगीने तोडावा. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने वर्षानुवर्षे जपलेली असतात, असा त्याचा आशय. लाकडाची निवड ही राजनीतीची बाब होती, हे यावरून ध्यानात येते.

७/ इंग्रजांची गरज याहून मोठी होती. १८१७ मध्ये मुंबईत वाडिया मंडळींच्या हातून उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज मलबारी सागाचे होते. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे! युरोपातील ओक लोखंडी खिळ्यांना गंजवतो. सागाचे तेल त्यांचे रक्षण करते. जहाजांना साग हवा होता तो यासाठीही.

८/ या मागणीची झळ नाशिकच्या शेजारी पोहोचली. १८४२ च्या सुमारास इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील लाकडाचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. १८५० च्या दशकात रेल्वे आली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी नवी तोड सुरू झाली. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलावरचा सरकारी ताबा पक्का केला. ज्यांच्या रानात साग वाढत होता, त्यांनाच तो तोडणे गुन्हा ठरू लागले.

९/ डांगच्या राजांच्या वारसांना आजही दरवर्षी होळीपूर्वी आहवा येथील डांग दरबारात समारंभपूर्वक मानधन दिले जाते. एका जुन्या लाकूडकराराची ही जिवंत खूण. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. नाशिकच्या सीमेला लागून असलेले रान राज्याच्या नकाशाबाहेर राहिले, इतकेच.

१०/ घरांची जमीनही बदलत गेली. रेल्वेमुळे शहाबादी फरशी दूरवर पोहोचू लागली. १९२२ मध्ये मुंबईत स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ सुरू झाली आणि नक्षीदार सिमेंट टाइल्स मध्यमवर्गीय घरांत आल्या. पुढे काँक्रीटच्या स्लॅबने तुळई, कडी आणि पाट या तिन्हींचे काम एकट्याने पत्करले.

११/ आता लाकडी जमिनीची हौस पुन्हा परतली आहे. दुसरीकडे जुने वाडे पाडले जातात आणि त्यांचे सागवान नव्याने विकले जाते. असे जुने लाकूड वापरल्याने नवे झाड वाचते, हा त्यातला लाभ. पण ते कोणत्या वाड्यातून निघाले याची नोंद राहिली नाही, तर घराबरोबर त्याचा इतिहासही मोडीत निघतो.

१२/ म्हणून एखादा वाडा पाहताना नक्षीदार खांबांवरच थांबू नये. मान वर करून कडीपाट पाहावा, खण मोजावेत, कड्यांची जाडी न्याहाळावी. त्या फळ्यांत सुताराचे कसब आहे, मालकाची ऐपत आहे आणि ज्यांचे नाव कोणत्याही वाड्यावर कोरलेले नाही, त्या रानातल्या माणसांचा वाटाही आहे. (समाप्त)