कुत्र्याला घेऊन तंबूत मुक्काम? भंडारदरा परिसरात जागा ठरवण्याआधी हे विचारून घ्या

अकोले : भंडारदऱ्याच्या फुगवट्याच्या कडेला शनिवार-रविवारी तंबू लागतात. मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या येतात. त्या गाड्यांतून आता माणसांबरोबर कुत्रीही उतरायला लागली आहेत. लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड, तर कधी रस्त्यावरून उचलून वाढवलेलं गावठी कुत्रं. ‘कुत्रा आणला तर चालेल का?’ असं पाहुणे फोनवर विचारतात आणि तंबूवाले ‘चालेल, आणा’ म्हणून सांगतात. बोलणं तिथंच संपतं.

खरा प्रश्न ‘चालेल का’ हा नाहीच. रात्री कुत्रं कुठं झोपणार, हा आहे. कारण हा बिबट्याचा मुलूख आहे. मुक्काम करणारे पाहुणे आणि तंबू लावणारे गावकरी या दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र दिली आहे.

रात्रीची जागा सगळ्यात आधी

संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, सुमारे 39 टक्के. शेळीचा नंबर कुत्र्याच्या खाली लागला. कारण साधं आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्री उघड्यावर असतात.

म्हणजे तंबूच्या खुंटीला किंवा गाडीच्या चाकाला साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. मोकळं कुत्रं निदान पळू तरी शकतं. बांधलेल्याला तेवढीही सोय नसते. राखणीसाठी बाहेर बांधतो, असं काही जण म्हणतात. पण शहरात वाढलेल्या कुत्र्याला बिबट्याचा वास आला तरी त्याचं काय करायचं हे कळत नाही.

म्हणून दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रं आत हवं. दार लागणारी पक्की खोली असेल तर सर्वात चांगलं. खोली नसेल तर ते मालकाच्या तंबूत, त्याच्याजवळच झोपवा आणि तंबूची चेन पूर्ण लावा. तरीही कापडी तंबू म्हणजे भिंत नव्हे, हे ध्यानात ठेवा. रात्री कुत्र्याला लघवीला न्यायचं झालं तर दोन माणसं, हातात टॉर्च आणि आखूड पट्टा घेऊनच जा. लांब जाऊ नका.

उष्टं टाकलं की साखळी सुरू होते

तंबूवर चिकन-मटण शिजतं. हाडं आणि उष्टं कडेला टाकलं जातं. त्याला गावातली कुत्री जमतात. कुत्री जमली की त्यांच्या मागावर बिबट्या येतो. त्याला ती जागा एकदा सवयीची झाली की पाहुणे गेल्यावरही तो फेऱ्या मारतो आणि भोगावं लागतं शेजारच्या वस्तीला, तिथल्या शेळ्यांना आणि लेकरांना.

तेव्हा तंबूची जागा निवडताना दिवसा एक चक्कर मारून बघा. उष्टं झाकणाच्या डब्यात जातं का? की मागच्या झाडीत हाडांचा ढीग पडलाय? ढीग दिसला तर जागा कितीही देखणी असली तरी कुत्र्याला घेऊन तिथं राहू नका. तंबू मालकांनीही उष्टं रोजच्या रोज खोल खड्ड्यात पुरून वर माती लोटावी.

अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई ही गावं याच भागातली. इथं गावकऱ्यांची राहती घरं, शेती आणि जंगल एकमेकांना लागून आहे, त्यामुळे आपण हद्दीत आहोत की बाहेर हे पाहुण्यांना कळत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे अभयारण्यात बाहेरच्या माणसाच्या प्रवेशावर बंधनं आहेत. वन्यप्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं यालाही मनाई आहे. शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणं हेही येतं. ‘गंमत म्हणून’ सशाच्या किंवा भेकराच्या मागे कुत्रं सोडलं तर ते अंगाशी येऊ शकतं. ताडोबा किंवा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर पाळीव कुत्रं नेताच येत नाही. इथं हद्दीच्या आतली जागा असेल तर पैसे भरण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात किंवा नाक्यावर कुत्र्याबद्दल विचारून घ्या. तंबूवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कुत्र्यांमुळे रोगही जंगलात जातात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसपेक्षा जास्त सिंह दगावले. तपासणीत काही सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग मूळ कुत्र्यांमध्ये दिसणारा. लस न दिलेलं कुत्रं रानात नेणं किती महागात पडू शकतं, ते यावरून समजावं.

फोनवर हे सात प्रश्न विचारा

1. जागा अभयारण्याच्या हद्दीत आहे की खासगी मालकीच्या रानात?
2. कुत्र्यासह झोपायला दार लागणारी खोली आहे का?
3. जागेला कुंपण आहे का? आजूबाजूच्या शेतात झटका मशीनची तार आहे का?
4. जागेवर मालकाची किती कुत्री आहेत? त्यांना रेबीजची लस दिली आहे का?
5. जवळ शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या मोकळ्या असतात का?
6. शेजारच्या पिकावर नुकतीच फवारणी झाली आहे का? उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवल्यात का?
7. जनावरांचा दवाखाना किती लांब आहे? मोबाइलला रेंज कुठं येते?

जो मालक या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो, त्याची जागा बहुतेक वेळा बरी निघते. ‘काही होत नाही हो, या तुम्ही’ एवढंच म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा.

निघण्याआधीची तयारी

रेबीजची लस कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, नंतर बूस्टर आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दर वर्षी डोस. पहिल्यांदाच लस दिली असेल तर ती पूर्ण लागू पडायला साधारण महिना जातो. म्हणून आदल्या दिवशी लस टोचून निघण्यात अर्थ नाही. डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोची एकत्र लसही झालेली असावी. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतात, त्यामुळे पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे टाळू नये. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू घरीच ठेवावं.

जंताचं औषध आधीच द्या. याचा संबंध गावच्या मेंढरांशी आहे. मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहते, त्या ‘गिड’ रोगाचं मूळ कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीत असतं. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात आणि ते गवत मेंढी खाते. पाहुण्यांनी कुत्र्याची विष्ठा उचलून पुरावी. गावकऱ्यांनी कापलेल्या बोकडाचं कच्चं डोकं, आतडी-कोथळा कुत्र्यांना टाकू नये, नाहीतर हे चक्र चालूच राहतं.

गोचिडांसाठी औषध लावून निघा. परत आल्यावर कान, बगला आणि बोटांमधल्या फटी तपासा. गोचीड ताप लवकर कळला तर बरा होतो, अंगावर काढला तर कुत्रं खंगतं.

बरोबर घ्यायच्या वस्तू : लसीकरणाचं कार्ड, दोन पट्टे, मालकाचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला, पिण्याचं पाणी आणि भांडं, नेहमीचं खाणं, टॉवेल, टॉर्च, मलमपट्टीचं सामान. बंधाऱ्याचं किंवा डबक्याचं पाणी पाजू नका.

प्रवास कसा करायचा?

स्वतःची गाडी सोयीची. दर दोन तासांनी थांबा, पाणी पाजा, पाय मोकळे करू द्या. उन्हात बंद गाडीत कुत्रं पाच मिनिटंही सोडू नका. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना उन्हाचा त्रास जास्त. त्यांना एप्रिल-मे महिन्यात आणूच नका.

रेल्वेने यायचं तर भंडारदऱ्याला इगतपुरी स्टेशन जवळ पडतं. फर्स्ट क्लास एसीमध्ये दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच कुत्रं सोबत ठेवता येतं. स्लीपर, थ्री टियर, टू टियरमध्ये परवानगी नाही. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. दोन्हीसाठी पार्सल ऑफिसात बुकिंग करावं लागतं. बुकिंग न करता नेलं तर दंडासकट भाडं वसूल होतं.

कुठं नेऊ नये?

कळसूबाईच्या शिखराची उंची 1646 मीटर. बारी गावाकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात. रतनगडावरही शिड्या आहेत. कुत्र्याला त्या चढता येत नाहीत आणि खांद्यावर घेऊन चढणं दोघांच्याही जिवावर बेतेल. साम्रदच्या सांदण दरीत मोठमोठे दगड आणि साचलेलं पाणी असतं, तिथंही नेऊ नका. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासारख्या ठिकाणी कुत्रं आवाराबाहेर एका माणसाजवळ ठेवावं. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी होते. काळोखात, गर्दीत, गाड्यांच्या वर्दळीत कुत्रं बिथरतं आणि पट्टा तोडून पळालं तर रात्री सापडत नाही. त्या दिवसांत त्याला घरी ठेवलेलंच बरं.

मेंढ्यांचा वाडा बसलेला दिसला तर लांबून जा. मेंढपाळाची कुत्री कळपाची राखण करतात. अनोळखी कुत्रं जवळ आलं तर ती सोडत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

कुत्रं चावलं तर

पाहुण्यांचं असो की गावातलं, लस दिलेलं असो की नसो, नियम एकच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. कातडीत लस देण्याच्या पद्धतीत पहिला डोस त्याच दिवशी, मग 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी असतो. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते आहे का हे आवर्जून विचारा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास वाचत नाही. लस मात्र वेळेत घेतली तर वाचवते.

कुत्र्याला साप चावला तर चिरा देऊ नका, फडकं आवळू नका. त्याला चालवू नका, उचलून दवाखान्यात न्या. माणसाला देतात तेच सर्पदंशाचं औषध जनावराच्या डॉक्टरांनाही वापरता येतं, पण वेळ महत्त्वाची. जाण्याआधी फोन करून औषध आहे का ते विचारा, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा

- पशुवैद्यकीय सेवा : 1962
- वन विभाग, बिबट्या दिसल्यास : 1926
- रुग्णवाहिका : 108

तंबू मालकांनी काय करावं?

‘कुत्री चालतात’ असा बोर्ड लावायला पैसे लागत नाहीत. पण एक पत्र्याची, मजबूत दाराची खोली, झाकणाचे दोन डबे आणि स्वतःच्या कुत्र्यांना लस एवढी तयारी असेल तरच तो बोर्ड खरा. खोलीला वाऱ्याची वाट आणि त्या खिडकीला जाळी हवी. पाहुणा आला की लसीचं कार्ड बघून त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कुत्रं मोकळं सोडायचं नाही, कोंबडी-शेळी मारली तर भरपाई द्यायची, रात्री कुत्रं आत ठेवायचं, हे पैसे घेण्याआधीच सांगा. शेजारच्या शेतकऱ्यालाही कळवा, म्हणजे तो झटका मशीन कधी चालू असतं ते सांगेल.

पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून बरेच जण हे बोलत नाहीत. पण बिबट्याने कुत्रं उचललं तर पाहुणा पुन्हा फिरकत नाही. शिवाय तोच बिबट्या दुसऱ्या रात्री गावच्या गोठ्याशी येतो. त्यामुळे ज्याच्याकडे बंद खोली नाही, त्याने कुत्र्यासह येणाऱ्याला फोनवरच नाही म्हणावं.