बारकोड स्कॅनरचा नेम
हातात धरायच्या लेझर स्कॅनरची लाल रेघ बारकोडच्या सगळ्या उभ्या पट्ट्यांना छेदून दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेपर्यंत पोचली, तरच कोड वाचला जातो. किराणा मालावरच्या १३ अंकी कोडातली कडेची एक पट्टी सुटली, तरी ‘बीप’ वाजत नाही. रेघ थोडी तिरकी असली तरी चालते. स्कॅनर मात्र अगदी काटकोनात धरू नये. चकचकीत वेष्टनावरून प्रकाश थेट परत फिरतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक बुजतो. मनगट किंचित कलवले की पुरते. बारीक कोडाला स्कॅनर जवळ, मोठ्याला लांब. वेफर्सची चुरगळलेली पिशवी आधी ताणून सपाट करावी. नुसते बटण दाबत राहून काही साधत नाही. क्यूआर कोड एका रेघेने वाचता येत नाही, त्याला कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो.