शहराची गाडी, गावाची आग

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शिवारात सोयाबीनची सुडी पेटली. चार एकरांचा माल, ताडपत्री झाकून ठेवलेला, दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र येणार होतं. रात्री साडेनऊला मी जवळच्या शहरात अग्निशमनला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "भाऊ, हद्दीच्या बाहेर गाडी न्यायची म्हणजे साहेबाले विचारा लागते. विचारून सांगतो." गाडी आली, पण पावणेबाराला. तोवर आमच्या पोरांनी स्प्रिंकलरचे पाइप जोडून शेजारची सुडी वाचवली होती. आपली मात्र राख झाली.

त्या माणसावर मी तेव्हा लय चिडलो. नंतर कायदे वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, हद्द काही त्यानं आखली नाही. ती दीडशे वर्षं जुनी आहे.

वाशिमची नगरपालिका १८६९ ची. तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होतं आणि एकेकाळी वाशिम स्वतःच जिल्हा होता. (१९०५ मध्ये तो मोडून अकोल्याला जोडला, पुन्हा वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडलं. हे नव्या पोरांना माहीत नसते.) वऱ्हाडासाठी १८८५ मध्ये ग्रामीण मंडळांचा कायदा आला आणि लगेच १८८६ मध्ये नगरपालिकांचा. शहराचं खातं वेगळं, खेड्याचं वेगळं. त्याच काळात मुंबईत आग विझवायचं काम पोलिसांकडून महापालिकेकडे गेलं. १८८८ च्या मुंबईच्या कायद्यात तर सामान्य करातच आगीच्या खर्चासाठी वेगळा वाटा ठेवला. म्हणजे ज्याचा कर, त्याची आग. शहरात जिनिंग होत्या, कापसाच्या गाठी होत्या, व्यापाऱ्यांची गोदामं होती, तिथं बंब ठेवणं सरळच होतं. खेड्यात आग लागली की पाटील, जागल्या, विहीर आणि बादल्या.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला पाहिजे होतं. पण १९६५ च्या नगरपालिका कायद्यात आग विझवणं हे नगर परिषदेचं बंधनकारक कर्तव्य ठरलं, ते तिच्या हद्दीपुरतं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्यांच्याकडे शाळा, दवाखाने, रस्ते गेले, अग्निशमन केंद्रं काही उभी राहिली नाहीत. मग १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. शहरांसाठी बारावी अनुसूची, तिच्यात १८ विषय, सातवा विषय अग्निशमन सेवा. गावांसाठी अकरावी अनुसूची, तिच्यात २९ विषय. मी ते एकोणतीसच्या एकोणतीस वाचले. मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. अग्निशमन नाही.

आता आपला जिल्हा बघा. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या नगर परिषदा, मालेगाव आणि मानोरा नगर पंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यात शंभरातली ८२ माणसं खेड्यात. आणि वर्षभराचं पीक, कुटार, गोठे, पऱ्हाट्या, जळण्यासारखं सगळं याच ८२ जणांच्या दारात.

शहरातले मित्र म्हणतात, "गाडी आमच्या करातून चालते. ती २५ किलोमीटर तुमच्याकडं गेली आन् इकडं बाजारपेठ पेटली तर?" हा प्रश्न खोटा नाही. बऱ्याच नगर परिषदांच्या बिलावर अग्निशमन कराचा वेगळा रकाना असतो, तो ते भरतात. माझ्या ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी एवढंच आहे.

पण १९९९ पर्यंत नगरपालिकांची मोठी कमाई जकातीची होती, हे ते विसरतात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात लागायची आणि ती शेवटी किमतीत मिसळायची. आमच्या बापानं त्या बाजारातून घेतलेल्या लुगड्यात, लोखंडी फाळात, पोत्यात शहराची जकात होतीच. आजही आमचा माल विकला जातो तो शहराच्या बाजार समितीत, आन् त्या पैशावर तिथली दुकानं चालतात. गावाचा पैसा हद्द ओलांडून कधीचा गेला आहे. गाडीलाच तेवढी हद्द आडवी येते.

हा घोळ फक्त आपल्याकडं नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन या छोट्या शहराची अग्निशमन गाडी बाहेरच्या ग्रामीण भागाला वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा द्यायची. २०१० मध्ये पैसे न भरलेल्या एका माणसाचं घर पेटलं. गाडी आली, पैसे भरलेल्या शेजाऱ्याच्या शेतावर पाणी मारलं, आणि ते घर जळताना जवान बघत उभे राहिले. एवढं आपल्याकडं होत नाही. आपली माणसं उशिरा येतील, पण आली की पाणी मारतात.

तिकडं तेलंगणात, कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे, शहर-खेडं प्रश्नच नाही. आपल्याकडं मात्र ते पालिकांच्या गळ्यात. अन् गंमत अशी की देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्या विदर्भात, नागपुरातच आहे. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवेसाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातून नुसत्या शहरांना नव्या गाड्या मिळाल्या तर आमच्यासाठी काय बदललं?

मला वाटतं जिल्हा परिषदेनं आपल्या उपकरातून दरवर्षी ठरलेली रक्कम नगर परिषदांना द्यावी आणि गाडी कोणत्या गावांना विनापरवानगी जाईल हे करारात लिहून घ्यावं. रात्री साडेनऊला साहेबाचा फोन लागायची वाट बघणं बंद होईल. शहरातली गाडी बाहेर असताना दुसरी कुठून येईल, हेही त्याच कागदावर पाहिजे, नाहीतर शहरवाल्यांचं म्हणणं खरं ठरेल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. तुमच्या ग्रामपंचायतीच्या पावतीवर अग्निशमनाचा रकाना असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. आणि तुमच्या गावात गाडी किती वेळात आली होती, तेही लिहा.